कॅबिनेटवरून निघालेला स्टिकर

अमडापूरला घराच्या ओसरीत मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे. कॉम्प्युटर सगळे चिखलीहून आणलेले, जुनेपाने. एक तेवढा नवा कोरा, खोक्यातला. त्यात सगळं कंपनीतूनच भरून आलं होतं. बटण दाबलं की सुरू. परीक्षा त्याच्यावरच व्हायची, कारण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला परवान्याचं अस्सल मशीन लागायचं.

ऐन परीक्षेच्या तोंडावर त्याचीच हार्ड डिस्क गेली. मशीन वेळेत सुरू झालं नसतं तर परीक्षेचं केंद्र चिखलीला गेलं असतं आणि माझ्या निम्म्या मुलींना घरच्यांनी तिथवर पाठवलं नसतं. शिवाय एकदा गेलेलं केंद्र परत मिळत नाही. कापसानं दगा दिल्यापासून आमचं घरही क्लासवरच चाललं होतं, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

चिखलीच्या दुरुस्तीवाल्यानं नवी डिस्क बसवली, खोक्यासोबतची सीडी घातली. अर्ध्या वाटेत पडद्यानं 'प्रॉडक्ट की', म्हणजे परवान्याची अक्षरं-आकड्यांची ओळ, मागितली. ती कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेली असते. मी कॅबिनेट फिरवलं, तर तिथं स्टिकर नाही. नुसता डिंकाचा चौकोन, त्यावर धूळ बसलेली.

मी पोरींवर उखडले. कोणी खरवडला, आत्ताच्या आत्ता सांगा. त्या बिचाऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात मागच्या खोलीतून बाबा आले.

"त्याइले काऊन बोलतं? म्या काढला. सांभायून ठुला हाये."

बाबांचंही खरं होतं. बीटी कापसाचं बियाणं आलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्या वावरात झाडं डोक्याएवढी उंच झाली आणि बोंडं जेमतेम धरली. बाबा तक्रार घेऊन तालुक्याला कृषी कार्यालयात गेले, तर पहिला प्रश्न आला, बियाण्याच्या पाकिटाचा टॅग कुठाय? पाकिटात आईनं हळद भरली होती आणि टॅग चुलीत गेला होता. टॅग नाही म्हणून तक्रार घेतली नाही, वावर बघायलाही कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा टॅग बाबा कापून ट्रंकेत ठेवायचे. बियाण्याचे ठेवले, फवाऱ्याचा ठेवला, माझ्या नव्या चपलांचासुद्धा ठेवला. कॉम्प्युटरचा स्टिकर त्यांना तसलाच टॅग वाटला. पोरी त्याला हात लावतील, तो फाटेल, म्हणून त्यांनी उकळत्या पाण्याच्या फडक्यानं शेकून शेकून तो सोडवला आणि पुठ्ठ्यावर चिकटवला.

दुरुस्तीवाल्यानं पुठ्ठा हातात घेऊन कपाळाला हात लावला. "ताई, हा कॅबिनेटवरून निघाला म्हणजे गेला. कंपनी असा स्टिकर चोरीचा धरते. मी माझ्या जवळची सीडी टाकून देतो, सगळ्या तालुक्यात तीच चालते."

ती सीडी कसली ते मला माहीत होतं. परीक्षेच्या तपासणीत पकडली गेली असती तर केंद्र कायमचं बंद. मी बाबांवर ओरडले, "सांभाळायचं होतं तर जागच्या जागी का नाही राहू दिलं?" ते स्टुलावर बसून राहिले. मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता.

पुठ्ठ्यावरची अक्षरं शाबूत होती. मी ती एकेक करून भरली. सीडीनं ती घेतली आणि मशीन सुरू झालं, पण ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीकडची नोंदणी, होईना. पडद्यावर कंपनीचा फोन नंबर आला. लागेल तो निकाल एकदाचा लागू दे म्हणून मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे एक बाई हिंदीत बोलत होती. तिनं पडद्यावरचे लांबलचक आकडे वाचायला सांगितले. मी वाचले. स्टिकर कुठं आहे हे ती आता विचारणार, अशी मला धास्ती होती.

तिनं विचारलं, "ही प्रत किती कॉम्प्युटरवर टाकली आहे?"

"एकाच."

मग तिनं तिकडून दुसरे आकडे सांगितले, मी ते भरले आणि पडद्यावर ॲक्टिव्हेशन पूर्ण झाल्याचं आलं. तिनं आभार मानून फोन ठेवला. केंद्र वाचलं होतं. पोरी हसायला लागल्या, दुरुस्तीवाला पक्कड पिशवीत टाकू लागला.

बाबा मात्र फोनकडे बघत होते.

"टॅग नाई मांगतला तिनं?"

"नाही."

"पाह्याले कोनी येनार हाये?"

"कोणी नाही, बाबा."

"तू म्हनली एक, अन् तिनं मानलं?"

"हो."

 पुठ्ठा उचलून उठता उठता ते म्हणाले, "म्या त तालुक्याच्या सायबाइले म्हनलं होतं, माह्यावर इस्वास नका ठू. वावरात चाला, डोयानं पाहा."