चिंधूजींनी रंगवलेला कॅमेरा

चिंधूजी मेश्रामांनी मला पहिली थप्पड मारली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर धूळ दिसली म्हणून मी ती बोटाने पुसायला गेले होते. थप्पड अशी सणसणीत बसली की दिवसभर कानात शिट्टी वाजत होती. घरी सांगितलं असतं तर माझ्या बापाने दुकानात येऊन त्यांनाच बडवलं असतं, म्हणून मी गप्प राहिले. मारून शिकवणं वाईट, असं आता सगळे म्हणतात. वाईटच आहे. पण मला जे काही येतं ते त्याच हाताने दिलेलं आहे.

सेलूच्या बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, काचेच्या कपाटात जुने कॅमेरे आणि प्रत्येकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. आधी ते लग्नाचे फोटो काढायचे. आष्टीच्या एका लग्नात नवरीचा मामा दारू पिऊन सारखा मधे यायला लागला, तर यांनी स्टँड उचलून त्याच्या पाठीत घातला. मग वऱ्हाडाने यांना मांडवातच लोळवलं. डोक्याला सहा टाके पडले आणि कॅमेऱ्याचा चुरा झाला. तेव्हापासून लग्नं बंद. जुने कॅमेरे घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. अर्ध्या जिल्ह्यातले फोटोग्राफर त्यांच्याकडून कॅमेरा घेतात आणि वर शिव्या खाऊन जातात. मी स्वतःचा स्टुडिओ टाकला, तरी दुपारची त्यांच्याकडेच असायचे. त्यांना घरी कोणी नव्हतं, आणि मला त्यांच्याशिवाय करमत नव्हतं.

किमतीचं त्यांचं एक शास्त्र होतं. त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे, त्यातूनच ते आलेलं.

"डिजिटल कॅमेरा म्हंजे बैल," ते सांगायचे. "बैलाचे दात पाह्यतेत, याचं शटर किती डाव पडलं थे पाह्यचं. नवा आला का जुन्याचा भाव अर्धा. लगनसराईच्या तोंडावर इकायचा. आखाडात फुकट बी नेत नाई कोणी."

आणि विकण्याआधी कॅमेरा घासूनपुसून, उडालेल्या रंगावर रंग भरून चकचकीत करायचा. बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांचे वडील बैलाची शिंगं साळून रंगवायचे, त्यातलाच हा प्रकार. मळका माल पुढे ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असं ते मानत. आमच्या भागात कोणालाही विचारा, तो हेच म्हणेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हिंगणीची तानाबाई दुकानात आली. डावा डोळा सुजून पार मिटलेला, हातात भाकरीच्या फडक्यात बांधलेला एक कॅमेरा. हिंगणीला धरणाच्या वाटेवर एक म्हातारी जर्मन बाई अकरा वर्षं राहत होती आणि तानाबाई तिचा स्वयंपाक करायची. मायदेशी परत जाताना बाईने हा कॅमेरा तिला दिला होता. तसं कागदावर लिहूनही दिलं होतं.

"डोळ्याले काय झालं?" चिंधूजींनी विचारलं.

"पीयूषनं मारलं." पीयूष तिचा एकुलता मुलगा. तिशीचा आहे, भाजीपाला पिकवतो. "वांगे सडले तरी मलेच मारते, भाव पडला तरी मलेच मारते. याचा बाप होता तवा बाप मारे. हा इकून द्या, भाऊ. सेलूत एक खोली घेतो, कालेजच्या पोरायचे डबे करतो. मंग मी हिंगणीले परत जात नाई. त्याले यातलं काई माईत नाई."

चिंधूजींनी कॅमेरा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिला. मग मला म्हणाले, "पाय यातून." तो रेंजफाइंडर होता. त्यात लेन्समधून बघायचं नसतं, बाजूला एक छोटी खिडकी असते. मी डोळा लावला तर तानाबाईचा चेहरा दोनदा दिसला. रिंग फिरवली तसे दोन्ही चेहरे सरकत एकमेकांवर येऊन बसले, सुजलेला डोळासुद्धा. कॅमेऱ्याच्या कडांचा काळा रंग उडून खालचं पितळ दिसत होतं, बाकी तो ठणठणीत होता.

आम्ही फोटो काढून नागपूरच्या एका व्यापाऱ्याला पाठवले. तो परदेशी जुने कॅमेरे घेतो. अर्ध्या तासात त्याचा फोन आला, दोन लाख सत्तर हजार. चिंधूजींना आधी वाटलं तो थट्टा करतोय.

"तेरा वर्सं जुना डिजिटल," ते मला म्हणाले. "तेरा वर्साच्या बैलाले दावणीले कोण बांधते?"

पण व्यापारी पक्का होता. असे कॅमेरे फार थोडे बनतात, हौशी माणसं त्यांची वाट बघत बसलेली असतात, त्यामुळे बाकी डिजिटलसारखा यांचा भाव कोसळत नाही, असं त्याने समजावलं. सोमवारी माल दाखवा, पैसे बाईंच्या खात्यात टाकतो. त्याच संध्याकाळी चिंधूजींनी दुकानामागची एक खोली तानाबाईसाठी बोलून ठेवली. तिला ती दाखवली तेव्हा तिने दार आतून लावून पाहिलं. कडी नीट बसते की नाही, एवढंच पाहिलं आणि बाहेर आली. पैसे येईपर्यंत ती हिंगणीलाच राहणार होती.

मी दोन दिवस अमरावतीला एका लग्नाला गेले. परत आले तर कॅमेरा नवाकोरा. चिंधूजींनी रात्रंदिवस बसून उडालेल्या कडांवर काळा ऑइलपेंट भरला होता, सगळीकडे एकसारखा दिसावा म्हणून दुसरा हात साऱ्या अंगावर फिरवला होता, आणि पांढरी अक्षरं बारीक ब्रशने जशीच्या तशी सोडली होती. असं काम मुंबईतही कोणी करून देणार नाही. "काका, शोरूममधून आणल्यासारखा दिसते," मी म्हटलं. तेव्हा मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी नागपूरला व्यापाऱ्याने फडकं सोडलं आणि कपाळावर हात मारला. झिजलेला रंग हीच या कॅमेऱ्याच्या खरेपणाची खूण असते म्हणे. वरून रंगवला म्हणजे काहीतरी लपवलंय, कुठेतरी पडलाय, पाण्यात गेलाय, घेणारा असंच धरून चालतो. आता पासष्ट हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. चिंधूजींनी टेबलावरून हात घालून त्याची कॉलर धरली. मी मधे पडले, कॅमेरा उचलला आणि त्यांना ओढत रस्त्यावर आणलं. सेलू येईपर्यंत ते बसच्या खिडकीवर मूठ आपटत होते, हळूहळू आणि न थांबता.

दुकानासमोर पीयूष उभा होता, तानाबाईचा दंड धरून. गावातल्या कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं आणि बाकीचं त्याने आईला बदडून काढून घेतलं होतं. फक्त खोलीचं ती बोलली नव्हती. त्याला वाटलं, आई आपल्यालाच पैसे देणार होती. एक जुनी पिकअप गाडी त्याने मनात ठरवूनही टाकली होती.

"किती आले?" त्याने विचारलं.

चिंधूजींनी खरं ते सांगितलं, दोन लाख सत्तरचे पासष्ट हजार झाले आणि तेही आपल्याच रंगामुळे. त्यांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा दुसरा रोग. पीयूषने त्यांचा उजवा हात काउंटरवर दाबून धरला आणि तिथलीच छोटी हातोडी उचलली. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, केस ओढत होते, दंडाला चावले. त्याने मागे न बघता कोपर मारलं आणि मी कपाटावर जाऊन आपटले. पहिलं बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग दुसरं. मग करंगळी. चिंधूजी ओरडले नाहीत. तानाबाईच ओरडत होती.

"माही पिकअप खाल्ली बुढ्यानं," तो म्हणाला आणि कॅमेरा घेऊन गेला.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या बोटांत सळ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, मूठ वळेल, पण बारीक काम विसरा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोलिसात जाऊ.

"नाई," चिंधूजी म्हणाले. "चार दिवसानं तो सुटते अन् घरी जाऊन तिले मारते. तवा तू जाशीन का वाचवाले?"

मला त्यांचं पटलं नाही. मी त्यांना आंघोळीचं पाणी काढून द्यायचे, शर्टाची बटणं लावून द्यायचे आणि रोज घरी जाताना मनात पीयूषला मारायचे. हातोडीने, विळ्याने, हाताला लागेल त्याने.

महिनाभराने व्यापाऱ्याचाच फोन आला. माणूस वाईट नव्हता. वरचा रंग उतरवता आला आणि खालच्या जुन्या रंगाला, अक्षरांना धक्का लागला नाही, तर दोन लाख वीस हजार देतो म्हणाला. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आणि तिळातिळाने पुसणं, एवढंच काम. पण कुठे थांबायचं ते बोटाला कळायला हवं. तशी बोटं जिल्ह्यात एकाच माणसाची होती, आणि ती पट्टीत बांधलेली.

"तू कर," चिंधूजी मला म्हणाले. "मी सांगत जातो."

तानाबाईने पीयूषला पटवलं, गाडीचं जमून राह्यलं म्हणून. त्याने कॅमेरा दिला. आम्हाला मात्र तिने सांगून ठेवलं होतं. पैसे तिच्या खात्यात पडले की ती भाजी घेऊन बाजारात येईल आणि इथून परत जाणारच नाही. खोली अजून रिकामी होती.

सहा दिवस मी ते काम केलं. चिंधूजी शेजारी बसून डाव्या हाताने दाखवायचे, "थांब. आता फिरव. दाबू नोको." चौथ्या दिवशी एका कोपऱ्यात पितळ दिसलं तेव्हा म्हातारा हसला. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी फक्त मागची बाजू राहिली होती.

सातव्या दिवशी पीयूष मोटरसायकलवर आला, तानाबाईला मागे बसवून. आत येऊन स्टुलावर पाय पसरून बसला. त्याने माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग चिंधूजींच्या हाताकडे. पट्टीतून सळ्यांची टोकं बाहेर दिसत होती.

"आता जेवता कोणत्या हातानं, बुढेबुवा?" त्याने विचारलं आणि हसला. "अन् धुता कोणत्या हातानं?"

चिंधूजींनी हात मांडीखाली लपवला. ज्या माणसाने लग्नाच्या मांडवात चाळीस जणांशी मारामारी केली, त्याने हात लपवला. ते मला सहन झालं नाही. खणात पॉलिश पेपर होता, लोखंड घासायचा, खरखरीत. मी तो काढला, कॅमेरा पोटाशी धरला आणि घासायला लागले. वरची पट्टी घासली, नंबर घासला, कंपनीची अक्षरं घासली. तो जुना रंग, ते सगळं करकरत निघत होतं आणि मला बरं वाटत होतं. तानाबाई तिथेच उभी होती. मला ती दिसत होती. खोलीचं मला माहीत होतं, खात्याचं माहीत होतं, सगळं माहीत होतं. तरी मी थांबले नाही.

पीयूषने मला लाथ घातली. मी खाली पडले, उठले आणि स्टँड उगारला. बाजूचे दुकानदार धावत आले, तसा तो मागे सरला. कॅमेरा उचलून त्याने आईच्या हातात कोंबला आणि तिला ढकलत मोटरसायकलकडे नेलं. तिने कॅमेरा पुन्हा त्या भाकरीच्या फडक्यात नीट बांधला आणि त्याच्या मागे बसली. दुसरीकडे कुठे बसणार होती ती?

गर्दी पांगल्यावर चिंधूजी म्हणाले, "थे त्याचं नोतं, पोट्टे. तानाबाईचं होतं." शिवी नाही, थप्पड नाही. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो कॅमेरा पुढे सुट्या भागांसाठी चाळीस हजाराला गेला. पैसे पीयूषने घेतले. दुकानामागच्या खोलीत आता एका कंपाउंडरचं बिऱ्हाड आहे. चिंधूजी दुकान उघडतात, पण दुरुस्ती मीच करते.

महिनाभर मी तानाबाईसमोर जायचं टाळलं. मग एकदा बाजाराच्या दिवशी हिंमत करून तिच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले. गोणपाटावर वांगी मांडली होती. तिचा वरचा ओठ फाटलेला होता आणि मनगटाला चिंधी गुंडाळलेली. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते.

"मावशी," एवढंच म्हटलं.

तिने वर पाहिलं. रागावलेली नव्हती, तेच वाईट.

"तुहा राग निघाला न, पोरी?" तिने विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग झालं तर," ती म्हणाली. वांगी तोलली, माझ्या पिशवीत ओतली, वीस रुपये घेतले आणि पुढच्या बाईला किती देऊ म्हणून विचारलं.