साफ रंग

मंगळवारी सकाळी माझा नवरा कामाला निघाला. हॅरिस पार्कच्या स्टेशनवर तो पडला. दुपारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला सांगितलं की तो गेला.

त्या वर्षांत सिडनीत विद्यार्थ्यांचे लोंढे येत होते. आमच्या गल्लीतल्या फ्लॅटांमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या, दाराबाहेर बुटांचे ढीग. आमच्या घरी विद्यार्थिनी मी होते, ग्रंथालयशास्त्राची. तो माझ्या व्हिसावर आला होता आणि आपली माणसं त्याला ते अधूनमधून ऐकवत. तो म्हणायचा, "मी हिचं लगेज आहे. वजनात बसलो नाही म्हणून वेगळं तिकीट काढावं लागलं."

अकोल्यात तो फ्लेक्स छापायचा. इथे साइनबोर्डच्या एका दुकानात त्याला तेच काम मिळालं. दुकानाचा मालक आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. तिथलं मोठं प्रिंटिंग मशीन माझ्या नवऱ्याच्या ताब्यात होतं. त्यावर दिवसभर कॉलेजांचे बॅनर निघत. हसणारी मुलं, हातात फाइल, मागे निळं आकाश. आम्हाला बोलवायला छापलेल्या त्या चित्रांत आमच्यासारखं दिसणारं कोणी नसे. त्यातली काही कॉलेजं म्हणजे कुठल्यातरी दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या, हे आम्हाला इथे आल्यावर कळलं.

युनिव्हर्सिटीला सुट्टी असली की मी पुस्तक घेऊन दुकानात जाऊन बसायची. त्यामुळे त्याचं काम मला बघून बघून माहीत झालं होतं. मशीनच्या शाई सोडणाऱ्या हेडला बारीक छिद्रांच्या ओळी असतात, त्यांना नॉझल म्हणतात. तिथे शाई वाळली की नॉझल बुजतं आणि तेवढा रंग कागदावर उतरत नाही. सकाळी आल्या आल्या तो तपासणीची पट्टी काढायचा. चार रंगांच्या बारीक रेघांच्या चार शिड्या. शिडीची पायरी तुटलेली दिसली की ते नॉझल बंद. मग तो हेड भिजवायचा आणि वाट बघायचा. जोर लावायचा नाही, डाळ भिजते तसं भिजू द्यायचं, असं तो म्हणे. आणि भिंतीवरचं बटण कधीही बंद करायचं नाही. चालू असलं की मशीन स्वतःच मधूनमधून हेड ओलं ठेवतं. त्या बटणावर त्याने चिकटपट्टी मारून ठेवली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये ठरला. मला त्याचा मोठा फोटो हवा होता आणि तो त्याच्याच मशीनवर छापलेला हवा होता. विहाराचं सगळं बघणारे एक काका मला गाडीतून दुकानात घेऊन गेले.

मालक म्हणाला, मशीन बिघडलंय. जाण्याआधी तुझ्या नवऱ्याने त्यात काहीतरी गडबड करून ठेवली असणार, नाहीतर इतके दिवस नीट चाललेलं मशीन अचानक कसं बिघडेल. मी भिंतीकडे पाहिलं. चिकटपट्टी सोलून काढलेली होती आणि बटण बंद होतं. चालवणारं कोणी नाही तर वीज कशाला जाळायची, असा त्याचा हिशेब. स्वतः शाई वाळवायची आणि दोष मेलेल्या माणसावर टाकायचा. मेलेला माणूस उलट बोलत नाही, एवढी सोय त्याला पुरेशी होती. मी बटण दाखवलं. तो म्हणाला, उससे क्या होता है.

तरी एक प्रत काढून बघू म्हणून त्याने मशीन लावलं. फोटो हळूहळू बाहेर आला. आधी केस, मग कपाळ. निळी शाई जवळजवळ उतरतच नव्हती, काळी विरळ होती. उरलेल्या लाल-पिवळ्यात माझा नवरा गोरा झाला होता. कॉलेजच्या बॅनरवरच्या मुलासारखा.

काका मान तिरकी करून बघत होते. "छान आलाय की गं. उजळ दिसतोय. राहू दे असाच, हॉलमध्ये चार लोक बघणार."

मालकाला धीर आला. "हाँ भाभी, एकदम साफ रंग आया है."

आमचं लग्न ठरताना त्याच्या बायोडेटात 'निमगोरा' असं लिहिलं होतं. बघायला आला तेव्हा चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला होता, "वर्णाच्या रकान्यात प्रिंटिंग मिस्टेक आहे. मी काळा आहे, आधीच सांगतो." मी तेवढ्यावर हो म्हटलं होतं. जन्मभर त्याला लोकांनी सावळा म्हटलं, निमगोरा म्हटलं, शाळेच्या फोटोत फोटोग्राफरने पावडर लावली. आणि आता तो स्वतः हरकत घ्यायला नव्हता, तेव्हा एका बुजलेल्या यंत्राने त्याला गोरा केला होता, आणि दोन माणसं त्यावर खूश होती. मालकाचं मी समजू शकत होते. पण काका? दर एप्रिलला जयंतीच्या स्टेजवरून स्वाभिमानावर तासभर बोलणारा माणूस?

मी म्हटलं, "काका, आदरांजली कोणाला वाहायची आहे? हा कोण आहे ते मला माहीत नाही."

मग मालकाकडे वळून त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं, "रंग साफ नहीं है. मशीन साफ नहीं है."

हेड बाद झालं तर, असं तो पुटपुटला. पण त्याच्या ऑर्डरी अडून राहिल्या होत्या आणि दुसरं कोणी हात लावायला नव्हतं. मी हेड ज्या रबरी टोपीवर विसावतं तिच्या कडा पुसल्या. वाळलेल्या शाईची साय निघाली. टोपीत सफाईचं द्रावण भरलं, हेड त्यावर आणून ठेवलं आणि घरी गेले. जाताना बटणावर नवी चिकटपट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी तपासणीची पट्टी छापून पाहिली तर निळ्या शिडीच्या निम्म्या पायऱ्या परत आल्या होत्या. मालक म्हणाला, आता जोरात पंप मारून टाक. मी पुन्हा भिजत घातलं आणि तिथेच पुस्तक उघडून बसले. पान एकही उलटलं गेलं नाही. दुपारनंतर चारही शिड्या उभ्या राहिल्या. निळीतली एक पायरी तेवढी आली नाही. ती मी सोडून दिली.

फोटो पुन्हा लावला. केस, कपाळ, डोळे. त्याचा रंग त्याला परत मिळत होता आणि मी मशीनच्या कडेला धरून उभी होते.

रविवारी वंदना झाली, लोकांनी मेणबत्त्या लावल्या. काका फोटोसमोर थांबले आणि हळूच म्हणाले, "जरा डार्कच झाला, नाही?" मी "हो" म्हटलं.

मालकाने आपला शब्द मागे घेतला नाही. पुढेही कुठल्याशा बिघाडाला तो माझ्या नवऱ्याचंच नाव लावत असे, हे माझ्या कानावर आलं. ते मी विसरलेले नाही आणि विसरायचं कारणही मला दिसत नाही.

आता मी मेलबर्नला, टार्निटमध्ये राहते. एका शाळेची लायब्ररी बघते. फोटो जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. त्याच्या खांद्यावरून एक बारीक फिकट रेघ जाते. फोटोत तो काळा आहे.