मध्येच थांबणारी मुलगी

चौथीच्या त्या मुलीला मी किती वेळा मारलं असेल, ते आता नक्की सांगता येणार नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. घाटकोपरच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून माझं दुसरंच वर्ष होतं, वर्गात साठ मुलं. मुलगी हुशार, अक्षर टपोरं. पण तिच्या शुद्धलेखनाच्या वहीत वाक्यातले मधलेच शब्द गायब असायचे. वाचता वाचता थांबायची, समोर बघत राहायची. हाक मारली तरी ओ नाही. मला वाटायचं, आगाऊपणा करते.

एके दुपारी ती उभी राहून धडा वाचत होती. "नदीच्या" म्हणाली आणि थांबली. मी बाकापाशी गेले, तिचा डावा हात उघडला आणि तळव्यावर पट्टी मारली. जोरात. तिने हात मागे घेतला नाही. पापण्या तेवढ्या फडफडत होत्या. मग एकदम "काठावर" म्हणाली आणि काहीच न झाल्यासारखी पुढे वाचायला लागली. दोन ओळींनंतर तळव्याकडे पाहून म्हणाली, "बाई, माझा हात का चुरचुरतोय?"

वर्गात कुणी हसलं नाही. मी खुर्चीत जाऊन बसले.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. डोंगराच्या उतारावरची एक खोली. आई शिवलेल्या शर्टांचे धागे कापत बसली होती. ती धडपडून उठली. "काय केलं हो हिने, बाई?"

"तिने नाही, मी केलं," म्हटलं आणि सगळं सांगितलं.

ती खाली बसली. "घरी पण करते हो. घास तोंडात धरून बसते, चावत नाही. मी पण देते दोन ठेवून." गल्लीतल्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं होतं. शेजारणीने बाहेरचं आहे म्हणून दंडाला दोरा बांधला होता.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकली आणि आम्ही तिघी मोठ्या इस्पितळात गेलो. केसपेपर काढून अर्धा दिवस बाकावर बसलो. मेंदूविकारांच्या डॉक्टर तरुण होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कागदाची एक पट्टी मुलीच्या तोंडासमोर धरली. "हिच्यावर फुंकर मार. मोठी. थांबायचं नाही."

ती फुंकत राहिली. कागद हलत होता. दोन-तीन मिनिटांनी तो हलायचा थांबला. मुलीची नजर भिंतीवर खिळली. डॉक्टर तिच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "आंबा." नंतर टाळी वाजवली. काही नाही. थोड्या वेळाने कागद पुन्हा हलायला लागला.

"मी आत्ता काय म्हणाले गं?"

"फुंक म्हणालात."

"आणि नंतर?"

"नंतर काही नाही."

आईने माझं मनगट घट्ट धरलं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ही फिट आहे."

"फिट? अहो, ही कधी पडली नाही. तोंडाला फेस नाही, काही नाही!"

"प्रत्येक फिटमध्ये माणूस पडत नाही, ताई. हिचा मेंदू काही क्षण बंद पडतो आणि परत चालू होतो. दिवसातून कितीतरी वेळा होत असेल. तिला स्वतःला पत्ताच नाही."

डोक्याला वायरी लावून आलेख काढला. त्यातही तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. एकही चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, विहिरीवर किंवा स्टोव्हपाशी सध्या एकटीला सोडायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "शाळेत कुणाला सांगू नका, बाई. उद्या तिचं लग्न करायचंय." ती नऊ वर्षांची होती.

सुरुवातीला गोळ्यांनी ती पेंगायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर थांबणं कमी झालं आणि वार्षिक परीक्षेपर्यंत ते मला दिसेनासं झालं. वहीतली वाक्यं पूर्ण यायला लागली. मी एकदा तिला जवळ बोलावून म्हटलं, "मी तुला उगाच मारत होते. चुकलं माझं." तिने जरा विचार केला. "आई म्हणते, मला कळत नव्हतं तसं तुम्हालाही कळत नव्हतं," म्हणाली आणि खेळायला पळाली.

मला मात्र बरेच दिवस झोप लागली नाही. आधीच्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती, नापास झालेली. तीही खिडकीबाहेर बघत राहायची. मी चौकशी केली, तर तिचं घर मालाडच्या बाजूला कुठेतरी हललं होतं. पत्ता कुणाकडेच नव्हता.