‘डिड’नंतरचं ‘वेन्ट’

आमच्या वेळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. अंधेरीतल्या आमच्या शाळेला त्या वर्षी इंग्रजीचे शिक्षक मिळेनात, म्हणून खालच्या वर्गांना मराठी शिकवणाऱ्या सरांच्याच गळ्यात तो विषय पडला. सर रत्नागिरीकडचे, तिशीच्या आतबाहेरचे. आई गावी, हे इथे एका खोलीत एकटे. कुणाची दौत सांडली तर रागावायच्या आधी फडकं घेऊन धावत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी इंग्रजी कसं शिकवायचं याचा एक छोटासा प्रशिक्षणवर्ग केला होता. तेवढ्या शिदोरीवर ते आमच्यापुढे उभे राहिले.

दिवाळीनंतर भूतकाळ आला. ‘गो’चं ‘वेन्ट’, ‘ईट’चं ‘एट’, अशी रूपं सरांनी आमच्याकडून घोकून घेतली. मग प्रश्न आणि नकार. सरांनी फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, ‘डिड ही वेन्ट टु स्कूल?’ आणि खाली, ‘ही डिड नॉट वेन्ट टु स्कूल.’

माझा टाक तिथेच थांबला. आमच्या शेजारी मरोळकडच्या ख्रिस्ती कुटुंबाचं घर होतं. घरात त्यांची ती लाडिक मराठीच चालायची. पण त्या घरातली आंटी नन्सच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे मुलांवर ओरडायची ती इंग्रजीतून. ‘डिड यू ईट?’ ‘व्हेअर डिड यू गो?’ दिवसभर कुंपणावरून हेच कानावर पडायचं. ‘डिड यू वेन्ट’ मी कधीच ऐकलं नव्हतं. म्हणून घरच्या अभ्यासात मी ‘डिड ही गो’ लिहिलं. वही परत आली तेव्हा ‘गो’वर लाल काट मारून वर ‘वेन्ट’ लिहिलेलं होतं.

मी वही घेऊन टेबलापाशी गेले. "सर, ‘गो’ नाही का चालणार?"

"तो काल गेला ना? मग ‘गो’ कसं?" सर समजुतीने म्हणाले. "आपल्या मराठीत बघ. ‘गेला.’ ‘गेला का?’ ‘गेला नाही.’ तिन्ही ठिकाणी ‘गेला’च राहतं की नाही?"

मला ते पटलं. तरी संध्याकाळी आंटीला विचारलंच. ती मासळी साफ करत होती. "मना ग्रामर नाय येत, बाय," ती म्हणाली, "पन असा कोनी बोलत नाय." मग मी मनाशी ठरवून टाकलं की बोलायचं इंग्रजी आंटीचं आणि वहीतलं इंग्रजी सरांचं. पुढे मी वहीत ‘वेन्ट’च लिहीत गेले.

फेब्रुवारीत शाळा तपासायला साहेब आले. उंच, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी. आमच्या वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘ही वेन्ट टु स्कूल.’ आणि म्हणाले, "याचा प्रश्न करा."

पहिल्या बाकावरचा मुलगा ताडकन उठला. "डिड ही वेन्ट टु स्कूल?"

"चूक. दुसरा."

दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसरीनेही तेच. सरांचा चेहरा गोंधळून गेला. मुलं बरोबर सांगतायत आणि साहेब चूक का म्हणतायत, हे त्यांना कळेना. तेवढ्यात साहेबांचं बोट माझ्यावर आलं.

उत्तर माझ्या ओठावर होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांग, तू नीट सांगशील, अशी. आणि मी म्हणाले, "डिड ही वेन्ट टु स्कूल?"

साहेबांनी स्वतःच फळ्यावर ‘डिड ही गो टु स्कूल?’ लिहिलं आणि खडू ठेवला. "सगळा वर्ग एकच चूक करतो, तेव्हा ती वर्गाची नसते," ते सरांना म्हणाले. आवाज चढवला नाही, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. सरांचे कान लाल झाले. साहेब गेल्यावर त्यांनी आम्हाला मराठीचं पुस्तक काढून मनात वाचायला सांगितलं आणि खिडकीपाशी उभे राहिले.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "तू आधी ‘गो’ लिहिलं होतंस ना?"

"हो, सर."

"मग आज का नाही बोललीस?"

"तुम्ही शिकवलं होतं तसं बोलले," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

सरांनी खिशात रुमाल चाचपला. मग म्हणाले, "अगं, निदान एकीचं तरी बरोबर आलं असतं. मला बरं वाटलं असतं." त्यांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. "तुला कुणी सांगितलं हे?"

मी आंटीचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते थेट फळ्याकडे गेले. "मी तुम्हाला तीन महिने चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "वह्या काढा. भूतकाळ ‘डिड’ सांगतो. म्हणून पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. डिड ही गो, डिड नॉट गो." कुणीही हसलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांच्या जुन्या वह्या परत मागवल्या आणि पानन् पान दुरुस्त केलं. माझ्या वहीतल्या ‘गो’वरची काट काही पुसता येईना. तिच्याशेजारी त्यांनी ‘बरोबर’ असं लिहून खाली सही केली.

त्या रविवारी ते आमच्या दारात उभे. आईला वाटलं, माझी तक्रार आली. पण त्यांना शेजारी जायचं होतं. आंटी नुकतीच चर्चमधून आली होती, अंगावर अजून ठेवणीतला झगा. सरांना तिच्याकडून इंग्रजी शिकायचंय हे ऐकून ती घाबरलीच. "मी काय शिकवनार मास्तरला?"

"शिकवू नका. नुसत्या बोला माझ्याशी," सर म्हणाले.

मग दर रविवारी आंटीच्या ओट्यावर ते बसू लागले. ती मटार सोलत विचारायची, ‘डिड यू स्लीप वेल?’ आणि सर आधी मनात वाक्य जुळवून, मग सावकाश उत्तर द्यायचे. चुकले की ती खो खो हसायची, तेही हसायचे. आंटीला मराठी बोलता यायचं, पण वाचता येत नव्हतं. सरांनी तिला अक्षरं गिरवायला दिली. मुलांच्याच पाटीवर ती ‘घर’, ‘गवत’ काढायची आणि तिचा नवरा आतून ओरडायचा, "आता तुलाच शालेत घाला!"

सरांनी पुढे इंग्रजीची बाहेरून परीक्षा दिली. एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. निकाल लागला त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन ते थेट आंटीकडे आले. मीही कुंपणाशी धावले.

"डिड यू टेल युअर मदर?" आंटीने विचारलं.

"आय डिड नॉट टेल हर," सर एका दमात म्हणाले, क्षणभरही न थांबता. आणि मग मराठीत, जरा ओशाळून, "आता घरी जाऊन पत्र लिहितो."