गुडघ्याचं तेल

दव वाळेपर्यंत चहाच्या पानाला हात लावायचा नाही, म्हणून तोडणाऱ्या बायका उताराच्या कडेला बसून राहत. बी-शियाला ही वाट पाहणंच सगळ्यांत जड जाई. एकदा टेकलं की उठवत नसे. तैवानमधल्या अलीशानच्या या उतारांवर तिची उमर गेली होती, आणि आता गुडघे बोलू लागले होते. आज अंधारात टेम्पोत चढताना डावा गुडघा असा धरला, की तिने पिशवीतली बाटली काढून तेल चोळलं. उतरल्यावर नळावर हात धुतले. तिला वाटलं, पुरते धुतले.

ऊन वर आलं. देठ कापायला तर्जनीला चिकटपट्टीने पात्याचा तुकडा बांधून बायका ओळींत शिरल्या. गप्पा, टोमणे चालू होते. बी-शिया मात्र मुकाट्याने तोडत होती. टोपली भरत आली तेव्हा टोपीखालचा घाम पुसायला तिने हात वर नेला आणि थबकली. बोटांना अजून तेलातल्या कापराचा वास येत होता.

खाली अंगणात कापडावर सगळ्यांचा माल एकत्र ओतायचा, उन्हात मऊ पडू द्यायचा. चहाचं पान वास ओढून घेतं. तिची एक टोपली सगळा ढीग नासवायला पुरली असती. पण बोललं तर चिन-झी काय म्हणेल, हेही तिला ठाऊक होतं. मुकादमीण चिन-झी गेल्या हंगामापासून तिच्या गुडघ्यांकडे बघत होती.

अंगणात तिने टोपली कापडापासून लांब, भिंतीशी ठेवली.

"मावशी, तिकडं कुठं? माल इकडं!"

"हुंगून बघ."

चिन-झीने मूठभर पानं नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई! हा चहा पिऊन गिऱ्हाइकाचे गुडघे तेवढे बरे होतील!"

बायका खो खो हसल्या. बी-शियालाही हसू आलं, पण ते ओठांपाशीच विरलं.

चिन-झीने आवाज खाली आणला. "ढिगात ओतलं असतंस तर मला कळलंच नसतं, मावशी."

"चहा भाजणाऱ्या थ्येन मास्तरांना कळलं असतं. भट्टीपर्यंत गेल्यावर."

"उद्यापासून तू शेडमध्ये बैस. वाळलेल्या चहातली देठं निवडायला."

"मी अजून चढते गं."

"चढतेस. उतरताना काय होतं ते मी बघते."

देठं निवडायच्या स्टुलावरून परत उतारावर गेलेली बाई कुणी पाहिली नव्हती. बी-शियाने वाद घातला नाही. दमलेल्या माणसाला वादही ओझंच होतो.

"मग आज?"

"आज कशालाच हात लावू नकोस. वास जाऊ दे."

बायका पुन्हा वर चढल्या. ती शेडच्या पायरीवर बसली आणि बोटाची पट्टी सोलू लागली. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली होती. दरीतून धुकं वर येत होतं. कापडावरचा माल आवरायला कुणीतरी हाका मारत होतं. सवयीने ती अर्धी उठली, मग हातांच्या वासाची आठवण होऊन परत बसली.