विमलमावशींचा बंब

या सदरातले चमत्कारिक अनुभव मी आजवर डबा खाताना हसायला म्हणून वाचत आलेय. लिहिणाऱ्यांनी राग मानू नये, पण खरं ते खरं. मी भाडेकरूंच्या चळवळीत काम करते. ओल आलेल्या भिंतींचे फोटो काढायचे, पत्रकं छापायची, घरं भाड्याने देणाऱ्या लेटिंग एजंटच्या दारात उभं राहून ती वाटायची. माझ्या कामात ‘आपोआप’ काही होत नसतं. भिंत आपोआप ओली होत नाही, भाडं आपोआप वाढत नाही. मागे कुणीतरी असतं आणि त्याला नाव असतं. ख्रिस्ती घरात वाढले, देवावर विश्वास आहे. पण भुतंखेतं, अदृश्य हात वगैरे... नाही. आजही नाही. तरी लिहितेय, कारण एका म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या घरातून उठवायचं चाललंय, आणि ते थांबवायचं तर मी जे पाहिलं ते मला सांगावंच लागेल.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी एका लाल विटांच्या चर्चच्या हॉलमध्ये भरते. नगर, सोलापूर, पुणे इकडून आलेली कुटुंबं आणि त्यांची माझ्यासारखी इथेच वाढलेली पोरं. चर्च इंग्रजांचं. सकाळची उपासना त्यांची, दुपारची आमची, किचन एकच. त्या किचनमध्ये स्टीलचा एक उंच अर्न आहे — वर झाकण, खाली तोटी, आत हीटर, मागून निघणारी वायर. आम्ही त्याला बंब म्हणतो. सकाळचे लोक किटलीवर भागवतात, त्यामुळे बंब आमचाच. आणि आमचा म्हणजे विमलमावशींचा. गेली कित्येक वर्षं चहा त्यांच्याकडे आहे. शनिवारी दुपारी त्या बसने येतात, स्वतःच्या किल्लीने हॉल उघडतात, कप विसळून पालथे घालून जातात. रविवारी उपदेशाच्या आधीचं गीत सुरू झालं की बंबाचं बटण दाबायला उठतात. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तर चहा कडक होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पाळकसाहेबांनाही.

सुरुवात झाली उपकारस्तुतीच्या रविवारी. हंगामाचा सण म्हणून आम्ही वेदीपुढे भाज्या मांडतो, कुणी अलॉटमेंटवरचा, म्हणजे भाड्याच्या वाफ्यातला, भोपळा आणतं, कुणी भाकऱ्या, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या दिवशी आम्ही भोपळे घेऊन पोचलो तर ग्रॅहम दारात उभा. ग्रॅहम म्हणजे चर्चचा वॉर्डन, इमारतीची देखभाल त्याच्याकडे. उंच, इस्त्रीची कॉलर, मला ‘यंग लेडी’ म्हणतो.

“तुमचा अर्न सकाळी मी आलो तेव्हा उकळत होता,” तो म्हणाला. “रात्रभर चालू असणार. हॉल जळला असता.”

मावशी म्हणाल्या, “मी काल बंबाला हातसुद्धा लावला नाही.”

“मग कुणी लावला?”

पुढच्या शनिवारनंतर परत तेच. ग्रॅहमची तक्रार व्हिकरकडे, म्हणजे इंग्रजांच्या पाळकाकडे गेली. आणखी एकदा झालं तर मिसेस विमलकडची किल्ली काढून घेऊ, असं ठरलं. मला किल्लीचं एवढं वाटलं नाही. पण ही गोष्ट मावशींच्या मुलाच्या, अनिलदादाच्या कानावर गेली. तो लंडनजवळ मेडनहेडला असतो, आयटीत. वर्षभर तो म्हणतच होता की आईचं वय झालंय, विसरते, जवळ आणतो. त्याने तिथे म्हाताऱ्यांसाठीच्या फ्लॅट्सपैकी एक बघूनही ठेवला होता. आता त्याला कारण मिळालं. ‘आई, आज बंब, उद्या घरातला गॅस.’ मावशींचं सगळं आयुष्य कॉव्हेंट्रीत — नवऱ्याची कबर, शेजारची पंजाबी मैत्रीण, ही मंडळी. मेडनहेडमध्ये त्या कुणाला ओळखणार?

सगळ्यात वाईट म्हणजे मावशींचा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागला. एकदा मला विचारतात, “सुवार्ता, खरं सांग. मी तुला ही गोष्ट मघाशीपण सांगितली का गं?” नव्हती सांगितली.

माझं गणित सरळ होतं: हे ग्रॅहम करतोय. सकाळी सगळ्यात आधी तो येतो. आमच्या मसाल्याचा वास पडद्यांना लागतो अशी त्याची जुनी कुरकुर. मराठी लोकांना हॉलमधून काढायचंय, आणि त्यासाठी म्हातारीला विसरभोळी ठरवणं सगळ्यात स्वस्त. मी पत्रकाचा मजकूरसुद्धा लिहून काढला होता, मथळ्यासकट. फक्त पुरावा हवा होता.

म्हणून एका शनिवारी मी मावशींबरोबर गेले. त्यांनी कप विसळले. बंब रिकामा होता, मी आत हात घालून बघितला. बंबाची वायर सुटी होते. मावशींनी नेहमीप्रमाणे भिंतीतला प्लग काढून ठेवलेलाच होता, मी वायरच उपसली आणि बॅगेत टाकली.

“ही कशाला नेतेस?” मावशी म्हणाल्या.

“चोराच्या हातचं हत्यार काढून घेतेय.”

“ग्रॅहमला चोर म्हणतेस? माझ्या गुडघ्याच्या वेळी रोज गाडीने सोडायचा तो मला.”

“मावशी, गोड बोलणारे एजंट मी रोज बघते.”

रविवारी आम्ही पोचलो. ग्रॅहम किचनमध्ये बंबाकडे बघत उभा. झाकणाखालून वाफ येत होती. वायर माझ्या बॅगेत.

मी म्हटलं, “छान. दुसरी वायर कुठून आणलीत?”

तो म्हणाला, “हेच मी तुला विचारणार होतो, यंग लेडी.”

सगळ्यांसमोर आमची जुंपली. मी त्याला खोटारडा म्हटलं. तो म्हणाला की मी प्रकरण तापवायला हे नाटक करतेय, माझ्यासारख्यांचा धंदाच तो. पाळकसाहेब मध्ये पडले. मावशी खुर्चीत बसून होत्या, कुणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी किल्ली आपणहून टेबलावर ठेवली. “नको बाई,” म्हणाल्या, “लोकांची भांडणं माझ्यापायी नकोत.”

मग मी बंबच घरी नेला. कॉव्हेंट्रीच्या बसमध्ये मांडीवर बंब घेऊन बसलं की लोक फार प्रेमाने बघतात. ड्रायव्हर म्हणाला, दूध घालून एक, साखर नको. आठवडाभर बंब माझ्या खोलीत, वायर माझ्या कपाटात. काहीही झालं नाही. ग्रॅहमचा हात पोचला नाही की बंब गप्प — मला हेच सिद्ध करायचं होतं.

पुढचा रविवार नाताळाआधीच्या आगमनकाळातला पहिला. मी बंब परत नेला आणि ग्रॅहमला म्हटलं, “आज तुम्ही आणि मी, दोघंही इथून हलायचं नाही.” मला वाटलं तो नाही म्हणेल. तो म्हणाला, “उत्तम. मलाही तुझ्यावर नजर ठेवायचीच आहे.”

त्याने स्वतः झाकण काढून आत टॉर्च मारला. मी बंब सिंकमध्ये उलटा केला. एक थेंब पडला नाही. झाकण लावून बंब ओट्याच्या मधोमध ठेवला, भिंतीपासून लांब. वायर माझ्या कोटाच्या खिशात होती, त्याला काढून दाखवली. किचनचं दार लावलं. हॉलकडची सर्व्हिंगची खिडकी तेवढी उघडी, तिच्यातून आमची मंडळी दिसत होती. नाताळापर्यंत दर रविवारी एक पेटवायची, त्या आगमनाच्या चक्रातली पहिली मेणबत्ती पेटवायला मावशींनाच बोलावलं होतं.

आम्ही दोघं दोन खुर्च्यांवर, मध्ये बंब. हॉलमध्ये पहिलं गीत सुरू झालं. ग्रॅहमने विचारलं, या गाण्याचा अर्थ काय. मी तोडून सांगितलं, येणाऱ्याची वाट बघणं. तो म्हणाला, “आमचंही तेच गाणं असतं या दिवसांत.” गप्पा मारत माझं लक्ष दुसरीकडे वळवायचा डाव असेल, असंच मला वाटलं.

गीत संपलं. दुसरं सुरू झालं — उपदेशाच्या आधीचं. सवयीने माझी नजर मावशींकडे गेली. त्या उठल्या नाहीत. आज उठायचं कारणच नव्हतं.

टिक... टिक... असा आवाज आला. पत्रा तापायला लागला की येतो तसा.

ग्रॅहमने माझ्या हातांकडे बघितलं. मी त्याच्या. दोघांचेही मांडीवर. आवाज वाढला, मग आत पाणी उकळायला लागल्याची घरघर. झाकणाच्या कडेने वाफ. आम्ही हललो नाही. भीती म्हणणार नाही. दोघंही एकमेकांना पकडायची वाट बघत होतो, आणि पकडण्यासारखं काही दिसत नव्हतं.

शेवटी त्याने टॉवेलने झाकण उचललं. बंब गळ्यापर्यंत भरलेला. उकळी फुटलेली.

“तू काय केलंस?” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही काय केलंत?” मी म्हटलं.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. खोटं बोलणारी माणसं मी ओळखते, ते माझं कामच आहे. तो खोटं बोलत नव्हता. पत्रक मी नंतर फाडलं.

उपासना संपली, मावशी आत आल्या. वाफ बघितली, आमची तोंडं बघितली. “पाणी झालंय ना? मग उभे काय राहिलात? कप द्या.” सगळ्यांनी त्या पाण्याचा चहा घेतला. ग्रॅहमनेसुद्धा. मी नाही घेतला.

आता तुम्ही म्हणाल, संपलं, मावशी सुटल्या. नाही.

ग्रॅहमने त्याच आठवड्यात व्हिकरला सांगितलं की बंबाचं बटण खराब आहे, बंद केलं तरी आतून चालू राहतं. तक्रार मागे घेतली, किल्ली मावशींना परत दिली. जुना बंब टिपवर, कचऱ्याच्या डेपोत गेला, नवीन आला. मी त्याला विचारलं, “खोटं का बोललात?”

“खरं सांगितलं असतं तर तिच्याबरोबर आपणही विसरभोळे ठरलो असतो,” तो म्हणाला. “हे सगळ्यांना समजण्यासारखं आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा एखादं सोयीचं खोटं मी चालवून घेतलं.

पण मावशींना ते चाललं नाही. त्यांच्या घरी चहा पिताना म्हणाल्या, “बटण खराब होतं म्हणे.”

“हो.”

“पण मी तर प्लगच काढते. प्लग काढल्यावर बटणाचा काय संबंध? म्हणजे प्लग मी काढलाच नव्हता, असं झालं ना? अनिलपण हेच म्हणाला. आई, बटण खराब असेल, पण प्लग तू विसरलीसच. जानेवारीत फ्लॅट बघायला जायचंय.” कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “तू होतीस ना गं तिथे?”

होते.

त्याच दिवशी अनिलदादाला फोन केला. सगळं सांगितलं — वायर, बस, खिशातली वायर, भरलेला बंब. तो हसला. “सुवी, तू पण? तू तर आमच्यात एकटी शहाणी होतीस.” ग्रॅहमला विचार म्हटलं. त्याने विचारलं, आणि ग्रॅहम बटणावर ठाम राहिला. मला त्याचा राग येतो आणि येतही नाही.

म्हणून हे इथे लिहितेय, नावासकट. पाणी कुठून आलं, मला माहीत नाही. कसं तापलं, तेही नाही. एका इलेक्ट्रिशियन मित्राला विचारलं, तो म्हणाला की तुम्हा दोघांपैकी एकाने हातचलाखी केली. मला स्वतःवरही संशय घेऊन बघावा लागला. उत्तर मिळालं नाही. देवाने केलं म्हणावं तर देवाला चहाचं पाणी तापवून एका म्हातारीला अडचणीत आणायचं काय पडलंय? माझा संशय अजून गेलेला नाही, फक्त तो घ्यायला माणूस उरलेला नाही.

पण अनिलदादा, तू हे सदर वाचतोस हे मला माहीत आहे. मला वेडी म्हण, चालेल. तो बंब वायरीशिवाय तापला, मी तीन हातांच्या अंतरावर बसून पाहिलंय. अशा बंबाचा प्लग काढायला तुझी आई विसरली, असं कुणालाच म्हणता येणार नाही. तुलासुद्धा.