पहिला मान कोणाचा

नव्वदच्या दशकात मी उधन्याच्या एका यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. तिथे उत्तर प्रदेशातले दोन विणकर शेजारच्या मागांवर होते, एक शिया, दुसरा सुन्नी. मोहरममध्ये शिया विणकर दुखवट्याचा काळा सदरा घालून आला आणि पैगंबरांनंतर गादीवर आलेल्या पहिल्या खलिफांना काहीतरी वाईट बोलला. सुन्नी विणकराने मागावरचा लाकडी धोटा त्याच्या कपाळावर हाणला. शिया विणकरानेही त्याचा गळा आवळला. कोऱ्या कापडावर रक्त उडालं. मी मेन स्विच पाडून सगळे माग थांबवले, तेव्हा बाकीच्यांनी धावत येऊन त्यांना सोडवलं.

मी शिया विणकराच्या जखमेवर फडकं दाबलं. मी म्हटलं, "भैया, पैगंबर तर दोघांचे एकच ना?"

"एकच," तो कण्हला. "पण त्यांच्यानंतर गादीचा पहिला मान त्यांच्या जावयाचा होता. तो दुसऱ्यांनी हिसकावला. पुढे पैगंबरांच्या नातवाला तर याच मोहरममध्ये तहानलेला ठेवून मारलं."

"कोणी हिसकावला नाही!" दुसरा दारातून ओरडला. "लोकांनीच निवडलं त्या खलिफांना. आम्ही जावयालाही मानतो, नातवासाठीही रडतो. पण त्या थोरांना शिवी कशी ऐकून घेऊ?"

दोघांचेही डोळे भरले होते, घरातलं माणूस कालच गेल्यासारखे.

शेठने दोघांना दोन टोकांचे माग दिले. पुन्हा मारामारी झाली नाही, पण बोलणंही झालं नाही.